गुलाबाची तंबाखू

दुर्गाबाईच्या दहाव्याला कावळा शिवेना.

पवनेच्या काठावर पिंड मांडून सगळे मागे सरले होते. कावळे नव्हते असं नाही. बाभळीवर चांगले पाच-सहा बसले होते आणि माना वाकड्या करून खाली बघत होते. पण एक उतरेल तर शपथ. गेलेल्या माणसाच्या मनात काही राहिलं असलं की असं होतं, हे काळेवाडीत कुणाला सांगावं लागत नाही. मग काय राहिलं ते ओळखायचं आणि सगळ्यांदेखत तोंडानं कबूल करायचं.

चाकणला दिलेली मुलगी कुसुम पहिल्यांदा पुढे झाली. "आई, आबांची काळजी करू नको. मी येऊन-जाऊन बघीन त्यांच्याकडं." कावळे हलले नाहीत.

दुर्गाबाईच्या नवऱ्याचा, म्हणजे चिमाजीचा, चुलतभाऊ सोपानराव म्हणाला, "वैनी, बांधाचं भांडण मिटलं म्हणून समजा." हे कावळ्यांनाही खरं वाटलं नसावं. त्यातला एक तर तोंड फिरवून बसला.

मग हिंदुराव खाकरला. हा चिमाजीचा लहानपणापासूनचा सोबती. "वैनी, तुमची कुऱ्हाड माझ्याकडं हाय. उद्याच आणून देतो."

"माझी कुऱ्हाड तुझ्याकडं व्हय?" चिमाजी त्या दुःखातही म्हणाला. "मी दोन वर्सं शोधतोय."

"म्हणून तर सांगितलं," हिंदुराव म्हणाला.

ऊन चढलं. भटजी चुळबुळ करायला लागले. तेव्हा दुर्गाबाईची थोरली बहीण आक्काबाई, जी खेडहून आली होती, ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दाजी, तुमीच बोला. तुमच्यातच जीव अडकलाय तिचा."

"काय बोलू?"

"तंबाखू सोडतो म्हणा."

चिमाजीनं मिसरूड फुटायच्या आधीपासून तंबाखू खाल्लेली. आजही कमरेला चंची होतीच, दुर्गाबाईनं आपल्या जुन्या लुगड्याच्या काठाची शिवून दिलेली. त्यानं बाभळीकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, आणि चंची काढून वाळूत ठेवली. "सोडली," तो म्हणाला.

एक कावळा खालच्या फांदीवर आला. सगळ्यांनी श्वास रोखला. कावळ्यानं चंचीकडे पाहिलं, चिमाजीकडे पाहिलं, आणि तो परत वर जाऊन बसला.

"तिला बी खरं वाटंना," हिंदुराव हळूच म्हणाला.

आता मात्र चिमाजीचा धीर सुटला. काय बोलावं ते त्यानं ठरवलं नव्हतं. तोंडाला आलं ते तो बोलला. "दुर्गे, तुझ्या गुलाबांकडं मी बघीन. सुकू देणार न्हाई. वर्षश्राद्धाला त्याचंच फूल घेऊन येईन, माझ्या हातानं."

शब्द पुरा झाला नाही तोच पंख वाजले. एक आला, दुसरा आला, आणि मग सगळी बाभळच खाली उतरली.

घरी परतताना कावळा नेमका कशाला आला यावर वाद झाला. आक्काबाईचं म्हणणं तंबाखूला आला, फक्त खात्री करून घ्यायला त्याला वेळ लागला. कुसुमचं म्हणणं गुलाबाला आला. भटजींनी दोन्ही बाजू राखल्या. "चिमाजीराव, तुम्ही दोन्ही पाळा. कावळ्याला काही परत विचारता येत नाही." वाळूतली चंची आक्काबाईनं उचलून झटकली होती. ती तिनं घरी आणून खुंटीला अडकवली, रिकामी.

तंबाखू सोडणं अवघड गेलं. हात आपोआप कमरेला जायचा आणि तिथं काही नसायचं. बायको गेलेल्या घरात तसंही सगळीकडे हात जातो आणि तिथं काही नसतं, त्यामुळे चिमाजीला त्यातलं कुठलं दुःख कशाचं हे काही दिवस उमजेना. तो फुटाणे खायचा, बडीशेप चघळायचा. पण तंबाखू खाल्ली नाही.

गुलाब त्याहून अवघड निघाले.

न्हाणीच्या मागे, आंघोळीचं पाणी जिथं वाहून जायचं तिथं, दुर्गाबाईनं लावलेली गावठी गुलाबाची झाडं होती. फिकट गुलाबी, वासाला जबर. चिमाजी कांदा पिकवणारा माणूस. चाकणच्या बाजारात त्याच्या कांद्याला नाव होतं. गुलाब त्याला एवढेच माहीत होते की आंघोळीला जाताना धोतराला काटे लागतात. दुर्गाबाईच्या वेळी त्या झाडांना कधी कीड लागलेली त्याला आठवत नव्हतं. ती पहाटे उठून तिथं काहीतरी खुडबुड करायची, पाणी शिंपडायची, आणि झाडं फुलायची. यात काही विद्या असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

चैत्रात कसले तरी किडे पानं कुरतडायला लागले. पानांना गोल भोकं पडली. त्याच सुमारास मलेरियावाले पाठीला पंप बांधून गावात आले. घराघरातल्या भिंतींवर डीडीटी मारत होते. डास मरतात, ढेकूण मरतात, झुरळंही मरतात, हे चिमाजीनं डोळ्यांनी पाहिलं. त्यानं पंपवाल्याला चहा पाजला आणि न्हाणीमागे नेलं.

"हे भिंतीसाठी आहे हो," पंपवाला म्हणाला.

"हे बी भिंतीजवळच हाय," चिमाजी म्हणाला.

पंपवाल्यानं झाडं पांढरी केली. कुरतडणारे किडे गेले. चिमाजी खूश झाला. आणि वैशाखाच्या उन्हात, बघता बघता, सगळी पानं तांब्याच्या रंगाची होऊन गळायला लागली.

चिमाजीच्या गोठ्याशेजारच्या खोलीत तेव्हा उद्धवराव नावाचा भाडेकरू राहायचा. उदगीरकडचा. नदीपल्याड पिंपरीला नवा कारखाना उभा राहिला होता, तिथं फिटर होता. दुपारच्या शिफ्टला जाताना त्यानं चिमाजीला उकिडवं बसून झाडाकडे टक लावून बघताना पाहिलं.

"काय करायलाव मामा?"

"हे बघ की. किडा एक दिसत न्हाई आन् पानं तर चाललीत."

उद्धवरावानं एक पान उलटं केलं. पाठीमागे कोळ्याच्या जाळ्यासारखं बारीक काहीतरी होतं, आणि त्यात लाल ठिपके. त्यातला एक ठिपका चालायला लागला. "मामा, हे जित्तं हाय की!"

त्यानं ते पान डबीत घालून नेलं आणि कारखान्याच्या वसाहतीतल्या बागेच्या माळ्याला दाखवलं. संध्याकाळी निरोप आला. ते लाल कोळी. डीडीटीनं ते मरत नाहीत, पण त्यांना खाऊन टाकणारे ठिपक्याठिपक्यांचे किडे असतात ते मरतात. मग कोळ्यांना रान मोकळं.

"म्हंजी मी चोर सोडले आन् पोलीस मारले," चिमाजी म्हणाला.

"तसंच की बा."

उपाय साधा होता. सकाळी पानांच्या पाठीवर जोरानं पाणी मारायचं, आणि ऊन उतरल्यावर गंधकाची पूड धुरळायची. चिमाजीनं गंधक फडक्यात बांधून झाडांवर झटकलं. आठवडाभर त्याच्या अंगाला फटाक्यांचा वास येत होता. झाडं वाचली.

पावसाळ्यात पानांवर काळे डाग आले. ती पानं वेचून, पडलेलीही गोळा करून, तो चुलीत घालायचा. हे त्याला जमलं, कारण कांद्याचंही रोगट पान शेतात ठेवायचं नसतं हे त्याला ठाऊक होतं. दसरा झाल्यावर माळ्याचा निरोप आला की आता झाडं छाटा, चांगली गुडघ्याएवढी राहतील अशी. हे मात्र चिमाजीच्या हातून होईना. विळा घेऊन तो दोनदा गेला आणि दोनदा परत आला. तिसऱ्यांदा डोळे मिटून पहिली फांदी कापली. तेवढ्यात हिंदुराव आलाच.

"अरे, ही बायकोची झाडं ना? वर्स बी झालं न्हाई आन् तोडतोस?"

"छाटतोय."

"माझा बाप बी आमाला छाटतोय म्हणूनच हाणायचा," हिंदुराव म्हणाला. पण जाताना कापलेल्या फांद्या उचलून बांधावर टाकायला त्यानंच मदत केली.

मार्गशीर्षात झाडांना लाल कोवळे फुटवे आले आणि मागोमाग कळ्या आल्या. चिमाजी रोज सकाळी तोंड न धुता आधी तिकडे जायचा. पौषात वर्षश्राद्ध होतं. कळ्या वेळेवर होत्या. त्याला वाटलं, जमलं.

आणि थंडी पडली तशी कळ्यांच्या मानेला हिरवी उवांसारखी कीड चिकटली. मावा. बोट लावलं की बोट चिकट व्हायचं. तो गोडवा चाटायला मुंग्यांची रांग खोडावरून वर चढायची. कळ्या वाकड्या व्हायला लागल्या, काही तिथंच आखडल्या. चिमाजीनं राख टाकली. मावा राखेखाली सुखानं राहिला. साबणाचं पाणी मारलं. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा जेवढ्यास तेवढा. मलेरियावाल्यांचं नाव काढायची तर सोयच नव्हती.

उद्धवराव माळ्याला विचारून आला आणि दारातच घुटमळला.

"सांगू का नको, तेच कळंना मामा."

"सांग की."

"त्यो म्हणतोय, तंबाखूचं पाणी."

चिमाजी खाली बसला.

"तंबाखू उकळायची, गाळायची, साबण खिसून घालायचा, आन् मारायचं. एकदम जालीम, म्हणतोय. मामा, तुमचं अडचणीचं हाय म्हणून मी करून देलो असतो. पण ह्या आठवड्यात रोज ओव्हरटाइम लागलाय."

"नको," चिमाजी म्हणाला. "माझ्या हातानं करीन असं बोललोय मी तिला."

तो बराच वेळ विचार करत बसला. तंबाखू आणली नाही तर फूल नाही, म्हणजे एक शब्द मोडला. तंबाखू आणली आणि हातात आल्यावर तोंडात गेली तर दुसरा मोडला. वर्षभर त्यानं तंबाखूच्या दुकानावरून जाणंसुद्धा टाळलं होतं, चक्क ओढ्याकडून वळसा घालून जायचा. आपल्या जिभेवर त्याचा काडीचा भरवसा नव्हता. पण कळ्या तर रोज आखडत होत्या. शेवटी त्यानं टोपी डोक्यावर घातली आणि तो निघाला.

रंगराव दुकानदारानं त्याला पायरीवर पाहिलं आणि गल्ल्यावर सरळ बसला. "या, या. आलात माघारी?"

"कडक पानाची दे. जरा जास्त दे."

"जास्त?"

"गुलाबाला पायजे."

"व्हय, व्हय," रंगराव पुडी बांधत म्हणाला. "आमच्याकडं एक गिऱ्हाईक म्हशीला न्यायचं. म्हैस विकली तरी येतंय."

चिमाजी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. हिंदुराव ओट्यावर तळहात पुढे करून बसलेला. "काढ."

"काय काढ?"

"एकट्यानं खायची? वर्सभर तुझ्यासमोर मी चोरून खाल्ली, तुला वास नको म्हणून. आन् तू गुलाबाचं नाव करतोस?"

"आरं, खरंच गुलाबाला हाय."

"बरं, बरं. गुलाब तंबाखू खातो. चुना किती लावतोस त्याला?"

चिमाजी पुडी घेऊन न्हाणीकडे वळला. हिंदुराव फुरंगटून उठला. "कुऱ्हाड आणून दिली ती चूकच झाली माझी," असं म्हणत गेला.

न्हाणीजवळ तीन दगड मांडून चिमाजीनं जाळ केला. जुन्या पातेल्यात पाणी ठेवलं. पुडी सोडली, आणि तो वास आला.

वर्षभरानं आला. तोंडाला पाणी सुटलं, डोळ्यांनाही सुटलं. त्या वासात नुसती तंबाखू नव्हती. संध्याकाळचा ओटा होता, बैल सोडल्यावरची विश्रांती होती, आणि आतून दुर्गाबाईचं ओरडणं होतं, "थुंकायचं तिकडं लांब, माझ्या सारवणावर न्हाई!" त्यानं मूठ भरून पातेल्यात टाकली. दुसरी मूठ भरली. थोडी हातात उरली. डावा तळहात उघडा, त्यावर चिमूटभर तंबाखू, आणि उजवा अंगठा आपणहोऊन त्यावर फिरायला लागला.

"दाजी!"

आक्काबाई. वर्षश्राद्धाच्या तयारीला म्हणून खेडहून एसटीनं आधीच आली होती. डोक्यावर गाठोडं तसंच, आणि डोळे अंगठ्यावर.

"वर्स तरी भरू द्यायचं की वो!"

"आक्का, ही गुलाबाची हाय."

"आ करा."

"अवो पण..."

"आ करा म्हणते ना!"

पन्नाशी उलटलेल्या चिमाजीनं न्हाणीसमोर उभं राहून आ केला. आक्काबाईनं नाक जवळ नेऊन वास घेतला. दात पाहिले. "वास तर न्हाई," ती नाइलाजानं म्हणाली. "मग अंगठा काय करत होता?"

"अंगठा जुना हाय आक्का. त्याला अजून कुणी सांगितलं न्हाई."

तिनं गाठोडं खाली ठेवलं, पातेल्यात वाकून पाहिलं, आणि मग गुलाबाच्या कळ्यांकडे पाहिलं. "हे कुणी सांगितलं तुमाला?"

"कारखान्याच्या बागंतल्या माळ्यानं. मावा मरतो म्हणं."

आक्काबाई न्हाणीच्या दगडावर बसली. आधी तिचे खांदे हलायला लागले. मग पदर तोंडाला गेला. चिमाजीला वाटलं रडते आहे. पण ती हसत होती, आणि इतकी की तिला ठसका लागला.

"माळ्यानं सांगितलं! अवो दाजी, आमची दुर्गी आख्ख्या संसारात दुसरं काय करत होती? थंडी पडली की तंबाखू तांब्यात भिजत घालायची. पहाटे लिंबाच्या डहाळीनं शिंपडायची. ही रोपं माझ्याच घरनं आणली तिनं, आन् तंबाखूचा उपाय बी मीच सांगितला. माझी सासू करायची."

चिमाजीला आठवलं. पहाटेची ती खुडबुड. पाण्याचा शिंतोडा. "आन् तंबाखू कुठनं आणायची ती?"

आक्काबाईनं बोलायच्या आधी घराच्या भिंतीकडे पाहिलं, जिथं आत खुंटीला चंची होती. "कुठनं आणंल?"

चिमाजीच्या डोक्यात हळूहळू उजाडलं. दर हिवाळ्यात चंचीतली तंबाखू कमी भरायची. रात्री भरून ठेवावी आणि सकाळी तळ दिसावा. त्यानं संशय घेतला तो हिंदुरावावर. एका वर्षी मारुतीच्या पारावर, चार लोकांत, त्यानं हिंदुरावाला तंबाखूचोर म्हटलं होतं. शिमग्यापासून दिवाळीपर्यंत दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. आणि त्या सगळ्या दिवसांत दुर्गाबाई दोघांना समजावत होती, "जाऊ द्या, चिमूटभर तंबाखूसाठी कशाला भांडता!"

"मला का न्हाई सांगितलं तिनं?"

"मागितली असती तर दिली असतीत?"

चिमाजीनं खरोखर विचार केला. "न्हाई," तो म्हणाला. "फुलावर कशाला घालवतेस म्हणून ओरडलो असतो."

"मग."

जाळ धुमसत होता. चिमाजीनं डोळे पुसले आणि ओलं लाकूड आहे म्हणाला. आक्काबाई म्हणाली, "व्हय, लई ओलं हाय," आणि तिनंही पुसले.

मग ती एकदम थांबली. "दाजी, थांबा. त्या दिवशी तुमी तंबाखू सोडली म्हणालात, आन् कावळा खाली आला होता त्यो परत वर गेला."

"गेला की."

"जाणारच! तुमी सोडल्यावर तिच्या गुलाबाला कुठली मिळणार? तिला वाटलं असंल, झालं, मेली माझी झाडं. म्हणून गुलाबाचं बोललात तवा कुठं उतरला." तिनं कपाळावर हात मारला. "खरं सांगते, तंबाखूचं तिच्या मनात कधी नव्हतंच. ते माझ्या मनातलं. तुमाला पिंका टाकताना बघितलं की मला मळमळायचं."

"म्हंजी मी मोकळा?"

"तुमचं तुमी बघा. मी काय बोलत न्हाई आता." असं म्हणून तिनं पाठ फिरवली आणि गाठोडं सोडायला लागली. लवकर सुटू नये अशा बेतानं सोडत होती.

चिमाजीच्या तळहातावर ती चिमूट अजून होती. मळून झालेली. अडवणारं कुणी नव्हतं. कावळासुद्धा नाही. एक वर्ष तो ज्या शब्दाला धरून होता तो शब्द कुणी मागितलाच नव्हता. आता खाल्ली असती तर काळेवाडीत एक माणूस नाव ठेवणार नव्हता, आणि हिंदुराव तर पेढे वाटणार होता.

त्यानं हात पातेल्यावर नेला आणि झटकला. तंबाखू उकळत्या पाण्यात फिरली आणि खाली बसली.

"का वो?" आक्काबाईनं पाठ न वळवता विचारलं. म्हणजे बघत होती.

"इतकी वर्सं माझ्यातली चोरून घ्यायला लागली तिला," चिमाजी म्हणाला. "आता सगळी तिचीच असू दे. एका चंचीत दोघांचं भागत न्हाई."

पाणी निवल्यावर त्यानं ते फडक्यानं गाळलं, साबण खिसून घातला, आणखी पाणी घालून पातळ केलं. उद्धवरावानं ढेकूण मारायचा हातपंप देऊन ठेवला होता. चिमाजीनं एकेका कळीची मान बोटांत धरून, पानाच्या पाठीवर, कोवळ्या शेंड्यावर, सगळीकडे मारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मावा काळा पडून सुकला होता. दोन-चार दिवस जाऊ देऊन त्यानं परत मारलं. मुंग्या खोडावर येऊन चौकशी करून माघारी गेल्या.

त्याच दिवशी संध्याकाळी तो हिंदुरावाच्या घरी गेला. हिंदुराव अजून रुसलेलाच.

"चोर सापडला," चिमाजी म्हणाला.

"कसला चोर?"

"माझ्या चंचीतला."

सगळं ऐकून हिंदुराव ताडकन उभा राहिला. मग ओरडला, "म्हंजी वैनी! आन् मी पारावर शिव्या खाल्ल्या! आन् वर मलाच सांगायच्या, भावजी, तुमी थोरले, तुमीच माघार घ्या!" तो हसत हसत भिंतीला टेकला. "माझं तोंड इतके महिने बंद होतं तुझ्याशी. त्याचं काय?"

"माफी मागायला आलोय."

"पारावर मागायची. चार लोकांत."

चिमाजीनं पारावर मागितली. रंगराव दुकानदार मुद्दाम दुकान सोडून ऐकायला आला होता. "म्हंजी खरंच गुलाब खातोय?" असं तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला.

वर्षश्राद्धाचा दिवस उजाडला तेव्हा झाडावर बऱ्याच कळ्या वाकड्या होत्या. माव्यानं जे नुकसान करायचं ते आधीच केलं होतं. पण एक फूल पुरं उमललं होतं. एका बाजूच्या पाकळ्या जरा आखडलेल्या, पण वास तोच, जबर. चिमाजीनं ते स्वतः खुडलं. काटा लागला, पण तो तक्रार करायच्या मनःस्थितीत नव्हता.

नदीकाठी सगळे तेच होते. चाकणहून कुसुम आली होती. उद्धवरावानं सुट्टी काढली होती. पिंडाशेजारी गुलाब पाहून भटजींनी भुवया चढवल्या. "श्राद्धाला गुलाब चालत नाही. शास्त्रात बसत नाही."

"तुमच्या पोथीत बसत नसंल," आक्काबाई म्हणाली. "तिच्या मनात बसतंय. तुमी मंत्र म्हणा."

भटजींनी म्हटले.

चिमाजीनं काय बोलायचं ते या वेळी ठरवून ठेवलं होतं. वर्षभर शेतात, न्हाणीमागे, झोपायच्या आधी, तो ते मनात घोळवत होता. तंबाखू सोडली ते, गुलाब जगवला ते, लाल कोळी, छाटणी, सगळं. शेवटी चंचीचंही बोलणार होता, की तुझी चोरी सापडली, पण राग नाही. तो पुढे झाला, हात जोडले, आणि घसा साफ केला.

"दुर्गे," तो म्हणाला.

पंख वाजले. कावळा त्याच्या कानाजवळून गेला, पिंडावर बसला, आणि भात उचलून चालताही झाला. मागून बाकीचे उतरले.

"आगं, बोलू तर दे!" चिमाजी म्हणाला.

हिंदुराव पहिल्यांदा हसला, मग कुसुम, मग भटजीसुद्धा. दुर्गाबाईनं आख्ख्या संसारात नवऱ्याला कधी वाक्य पुरं करू दिलं नव्हतं, हे सगळ्या काळेवाडीला ठाऊक होतं.

"वर्सभराचं पाठांतर वाया गेलं की रं," हिंदुराव म्हणाला.

दुपारी जेवणं झाली, पाहुणे पांगले. चिमाजी न्हाणीमागे गेला. एका नव्या फुटव्याच्या शेंड्यावर परत थोडा हिरवा मावा दिसत होता. त्यानं घरात येऊन खुंटीवरची चंची काढली. आता तिच्यात तंबाखू असायची. चिमूटभर तांब्यात भिजत घातली. मग तो झाडापाशी बसला आणि नदीवर राहून गेलेलं बोलणं सुरुवातीपासून सांगायला लागला. बोलता बोलता तो रोगट पानं खुडत होता. चंचीपर्यंत आला तेवढ्यात काटा अंगठ्यात शिरला, त्याच जुन्या अंगठ्यात.

"बरं, बरं," चिमाजी अंगठा चोखत म्हणाला. "गप बसतो."